हवेत गेलेला हुक

वीज कंपनीत चिकटला त्याच वर्षी त्याला शंकासुर हे नाव पडलं. ते इतकं रुळलं की लग्नानंतर सासुरवाडीची माणसंही 'आमचे शंकासुर जावई' असं कौतुकानं म्हणायला लागली. त्याचं काम वीजचोरी पकडण्याचं. कोणी मीटरवर लोहचुंबक ठेवायचं, कोणी खांबावरून थेट तार ओढून घरात आणायचं, कोणी सील तोडून पुन्हा इतकं बेमालूम चिकटवायचं की सोनारानं लाजावं. शंकासुर घरात शिरला की माणसांकडे बघायचाच नाही. आधी इस्त्रीला हात लावायचा. इस्त्री गरम आणि मीटरची चकती जागच्या जागी, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय! त्याचा एक ठरलेला आडाखाही होता. 'चहा घेणार का' असं विचारतो तो गिऱ्हाईक, आणि न विचारता चहा आणून समोर ठेवतो तो चोर.

हा आडाखा नोकरीपुरता राहिला असता तर बरं झालं असतं. पण निवृत्त झाल्यावर माणूस घरी आला आणि आडाखाही त्याच्यासोबत घरी आला. मुलानं परगावाहून सहज फोन केला तरी हा पहिल्यांदा विचारायचा, "काय पाहिजे?" शेजारणीनं वाटीभर साखर परत आणून दिली, तर वाटी उन्हात धरून बघायचा. बायको कपाळाला हात लावायची. "अहो, देवानं तुम्हाला दोन डोळे दिले तेच चुकलं. एकच बास होता, तोही अर्धा मिटलेला."

अशा माणसाकडे एका रविवारी सकाळी, न कळवता, चॅम्पियन येऊन उभा राहिला. हातात संत्र्यांची पिशवी.

इथे थोडं मागे जायला हवं. वीज कंपनीच्या आधीची काही वर्षं शंकासुर पोटासाठी मार खायचा. शब्दशः. एसटी डेपोच्या मागे एका जुन्या गोदामात बॉक्सिंगची तालीम चालायची. वस्ताद करडा माणूस. त्यांच्या हाताखाली एकच खरा हिरा होता, तो हा चॅम्पियन. त्याच्यासमोर रोज उभं राहून ठोसे खाण्यासाठी कोणीतरी लागायचं. सँडबॅग उलटून मारत नाही, म्हणून जिवंत सँडबॅग. ते काम शंकासुराचं. दोघं एकाच वयाचे, एकाच वजनाचे, एकाच बादलीतलं पाणी तोंडावर मारणारे. फरक एवढाच, की एकाचं नाव भिंतीवरच्या पत्रकात छापलं जायचं आणि दुसरा ती पत्रकं चिकटवायचा.

मग राष्ट्रीय अजिंक्यपदाची लढत ठरली. तिला काही आठवडे उरले असताना एका संध्याकाळी सरावात शंकासुराचा डावा हुक बसला. म्हणजे बाजूनं वळून येणारा ठोसा, कानाखाली. चॅम्पियन उभ्याचा आडवा झाला आणि बराच वेळ उठलाच नाही. वस्तादांनी आधी गोदामाचं दार लावलं आणि मग पाणी आणलं. "ही गोष्ट या दाराबाहेर गेली," ते म्हणाले, "तर नेणाऱ्याचं तोंड मी पाहणार नाही."

दुसऱ्या दिवशी चॅम्पियन रिंगमध्ये आला. गाल सुजलेला. त्यानं एवढंच म्हटलं, "कालचा मार." शंकासुरानं मारला आणि बसला. तिसऱ्या दिवशीही बसला. त्यानंतर मात्र बसेनासा झाला, आणि उलट त्याच्याच बरगडीत उजव्या हाताचा ठोसा यायला लागला. रोज तेच. "कालचा मार," आणि बरगडी. शंकासुर रात्री कुशीवर झोपू शकेना. तो समजून चुकला. गडी सूड उगवतोय. एकदा पाडलं, त्याची व्याजासकट वसुली चालू आहे.

लढतीला सगळे गेले, याला मात्र नेलं नाही. वस्ताद म्हणाले, गाडीत जागा नाही. याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं त्याच आठवड्यात तालीम सोडली आणि वीज कंपनीत अर्ज टाकला. चॅम्पियन जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा होता, 'हुक हवेत!' समोरचा मल्ल देशभर त्याच्या डाव्या हुकसाठी गाजलेला. भल्याभल्यांना त्यानं त्या एका ठोशावर झोपवलं होतं. त्या दिवशी मात्र त्याचा एकही हुक लागला नाही. प्रत्येक वेळी ठोसा वाऱ्याला. बातमीदारानं स्पष्ट काही लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला कळेल इतकं अस्पष्टही ठेवलं नव्हतं. गावभर कुजबुज झाली. लढत विकलेली होती.

ती कुजबुज सगळ्यात आधी पटली ती शंकासुराला. पटायला किती सोयीची होती! ज्याला मी पाडू शकतो तो देशातल्या एक नंबरच्या हुकवाल्याला कसा पाडेल? पैसे चारले, दुसरं काय. त्यानं ती लढत कधी पाहिली नाही. चित्रफीत गावात दाखवली तेव्हाही तो मुद्दाम ड्युटीवर गेला. पुढे चॅम्पियनचा हात मोडला, अजिंक्यपद लवकरच हातचं गेलं, तो एका शाळेत कसरतीचा मास्तर झाला. दोघं एकाच शहरात म्हातारे झाले. रस्त्यात दिसलेच तर एकजण दुकानाच्या पाट्या वाचायला लागायचा.

आणि आता हा दारात, संत्री घेऊन.

"या ना, आत या," बायकोच पुढं झाली. "इतक्या वर्षांनी वाट चुकलात भावजी!"

"वहिनी, वाट शोधत शोधत आलो," चॅम्पियन हसत म्हणाला. केस पांढरे झाले होते, खांदे मात्र अजून दारात न मावणारे.

शंकासुराच्या मनात पाल चुकचुकली. न विचारता आणलेला चहा आणि न मागता आणलेली संत्री, एकाच जातीची. तो खुर्चीच्या टोकावर बसून राहिला. चॅम्पियननं इकडचं तिकडचं बोलून हळूच विषय काढला. "सांग ना लेका, तालमीतलं काहीतरी. तुला तर सगळं पाठ असेल."

"तुला नाही पाठ?"

"तुझ्या तोंडून ऐकायला मजा येते."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. शंकासुर ताकास तूर लागू देत नव्हता. मग बुधवारच्या पेपरात एक बातमी आली आणि त्याला सगळा उलगडा झाला. क्रीडा मंडळ स्टेडियममध्ये सन्मान दालन उघडणार होतं. शहरातल्या थोर खेळाडूंच्या तसबिरी तिथं कायमच्या लागणार होत्या. चॅम्पियनचं नाव विचारात होतं, पण समितीत मतभेद होते. एकच मोठा विजय, तोही शंकास्पद, असं एका सदस्याचं म्हणणं.

"अस्सं!" त्यानं पेपर बायकोपुढं आपटला. "चोराच्या मनात चांदणं. मला काय काय माहीत आहे ते चाचपायला येतोय. मी तोंड उघडलं तर तसबीर गेली ना!"

"तुम्हाला काय माहीत आहे?" बायकोनं शांतपणे विचारलं.

माहीत असं काहीच नव्हतं. पण चोर पकडायची हातोटी होती. मीटरवाल्याचा एक जुना डाव असतो. घरमालकाला एक खोटी गोष्ट खरी म्हणून सांगायची आणि तो मान डोलावतो का ते बघायचं. रविवारी त्यानं सापळा लावला. "आठवतं, लढतीच्या आदल्या दिवशी वस्तादांनी तुला स्वतःचं घड्याळ दिलं?" वस्तादांकडे जन्मात घड्याळ नव्हतं.

"हो, हो," चॅम्पियन म्हणाला. "दिलं होतं खरं."

"आणि तू रडलास."

"रडलो होतो."

शंकासुराला नोकरीतला जुना आनंद झाला. सापडला! खोटं बोलतोय, आणि तेही न अडखळता. असा माणूस समितीपुढं काय काय रचून सांगेल! दुसऱ्याच दिवशी तो चॅम्पियनच्या घराचा पत्ता काढून निघाला, तोंडावर सांगायला की बाबा रे, तुझं बिंग मला कळलंय.

दार चॅम्पियनच्या लेकीनं उघडलं. बाबा फिरायला गेलेत, येतील, बसा काका. हा बसला नाही. सवयीनं त्याची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच अडकली. स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगडीची तार नेहमीसारखी तिथल्या बटणाला जोडलेली नव्हती. ती चौकटीवरून फिरवून, पॅसेजमधून, थेट लेकीच्या खोलीत नेली होती. बटण तिथं, आणि त्या खोलीला कडी.

"ही तार अशी का फिरवलीय?" त्याचा आवाज कंपनीतला झाला. "मीटर कुठाय?"

"मीटर खाली आहे काका, जाऊन बघा हवं तर," ती म्हणाली. मग जरा थांबली. "बाबा शेगडी चालू ठेवून विसरतात. दोनदा भांडं जळालं. म्हणून बटण माझ्याकडे घेतलं."

शंकासुर खुर्चीवर टेकला.

"डॉक्टर म्हणतात, डोक्याला इतका मार बसलाय की आता त्याची फेड चालू आहे. कालचं विसरतात, आणि जुनंही मधेमधे पुसल्यासारखं झालंय. समितीनं त्यांना बोलायला बोलावलंय. तिथं कोणी काही विचारलं आणि आठवलं नाही तर लोक हसतील, याची त्यांना इतकी धास्ती! म्हणून तुमच्याकडे येतात."

"माझ्याकडेच का? तालमीतली आणखी माणसं आहेत की."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, बाकीचे गोड गोड सांगतील. तो मेला सगळ्यांवर संशय घेतो, म्हणजे निदान खोटं तरी सांगणार नाही."

हे ऐकून त्याला कुठं तोंड लपवू असं झालं. वस्तादांचं घड्याळ आणि ते रडणं, दोन्ही आता त्या बिचाऱ्याच्या डोक्यात खऱ्या गोष्टी म्हणून जाऊन बसली होती. चॅम्पियन परत यायच्या आत तो जिना उतरला. घरी गेल्यावर मात्र एक विचार आलाच. लेकही सामील असली तर? नंतर त्याला ती फिरवलेली तार आठवली. इतकं काम कोणी नाटकासाठी करत नाही. तार त्यानं नीट पाहिली होती.

रविवारी त्यानं चॅम्पियनला समोर बसवलं आणि खरं सांगायला सुरुवात केली. आधी घड्याळ मागे घेतलं. मग सगळं, गोदाम, बादली, पत्रकं. शेवटी तेही सांगितलं, जे दाराबाहेर न्यायचं नव्हतं.

"तू? मला? पाडलंस?" चॅम्पियननं डोळे विस्फारले आणि इतका मोठ्यानं हसला की बायको आतून धावत आली. "वहिनी, ऐकलंत का? ह्यानं मला पाडलं होतं! मग मी काय केलं रे?"

"रोज माझ्या बरगड्या शेकल्यास."

"का?"

"ते तू सांग," शंकासुर म्हणाला. इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न, शेवटी सुटला तोंडातून. "का मारत होतास मला रोज?"

चॅम्पियन आठवायला लागला. कपाळावर आठ्या, नजर फरशीवर. "नाही रे आठवत," तो म्हणाला. "खरंच नाही आठवत."

वस्ताद गेल्यावर जगात ज्या एका माणसाकडे उत्तर होतं, त्याच्याकडूनच ते हरवलं होतं.

समितीच्या दिवशी चॅम्पियननं शंकासुराला बरोबर नेलं. स्टेडियमच्या जिन्याखालची खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षीणबाई एकेकाळच्या लांब पल्ल्याच्या धावपटू, बोलायला मोजक्या. त्यांच्या शेजारी तो सदस्य, ज्याचा विरोध होता. शंकासुरानं त्याला ओळखलं. 'हुक हवेत' लिहिणारा बातमीदार तोच, आता टक्कल पडलेलं आणि चष्मा जाड.

चॅम्पियनला बोलायला सांगितलं, आणि त्यानं पहिलंच वाक्य टाकलं. "ह्या माझ्या मित्रानं मला लढतीआधी हुक मारून पाडलं होतं. मला आठवत नाही, पण हा खोटं बोलत नाही."

बातमीदार पुढं झुकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "म्हणजे बघा," तो बाईंना म्हणाला, "सरावाच्या जोडीदाराचा हुक ज्यांना चुकवता आला नाही, त्यांनी काही आठवड्यांत देशातला सगळ्यात जबर हुक चुकवला? एकदाही न लागता? मी तेव्हा म्हटलं होतं तेच आज म्हणतो. तो मल्ल मारत नव्हता, मारल्यासारखं करत होता."

शंकासुर मान खाली घालून बसला. हे शब्दन् शब्द त्याचेच होते. कंपनीच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, बसच्या रांगेत त्यानं हेच सांगितलं होतं.

"चित्रफीत आहे," बाई म्हणाल्या. "वाद घालण्यापेक्षा बघू या."

पडदे ओढले. भिंतीवर जुनी, पावसाच्या रेघा पडल्यासारखी चित्रं हलायला लागली. शंकासुर ती लढत आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. समोरच्या मल्लाचा डावा खांदा किंचित खाली गेला आणि हुक निघाला. तो मारल्यासारखं करत नव्हता. सगळा देह मागे लावून मारत होता, लागला असता तर मान फिरली असती. पण चॅम्पियनचं डोकं तिथं नव्हतंच. खांदा पडतापडताच त्याचा पाय बाहेर गेला होता, डोकं हाताखालून निघालं होतं, आणि उजवा ठोसा बरगडीत. पुन्हा हुक, पुन्हा तेच. पुन्हा, आणि पुन्हा बरगडी.

शंकासुराचा हात त्याच्या नकळत स्वतःच्या कुशीवर गेला.

"थांबवा," तो म्हणाला. "मागे घ्या जरा. परत दाखवा."

परत दाखवलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हे माझ्यावर केलंय," तो म्हणाला. "रोज करायचा. मला म्हणायचा, कालचा मार. आधी दोन दिवस लागला त्याला, मग नाही लागला. माझाही खांदा असाच पडायचा, वस्ताद त्यावरून शिव्या घालायचे. मला वाटलं, सूड घेतोय. हा तर... हा शिकत होता."

बातमीदारानं चष्मा काढला. "तुम्ही त्यांचे मित्र. त्यांच्या बाजूनं बोलणारच."

जन्मभर दुसऱ्यांना संशयानं सोलून काढलेल्या माणसावर पहिल्यांदाच कोणी असा संशय घेत होतं. त्याला राग यायला हवा होता, पण तो ओशाळून हसला. "साहेब, मित्र मी आत्ता झालोय. ह्या माणसाशी मी अख्खी नोकरी बोललो नाही. लढत विकलेली होती ही बातमी तुम्ही एकदा छापलीत. मी रोज वाटली."

बाई हसल्या. बातमीदार हसला नाही. चॅम्पियन अंधारात भिंतीकडे टक लावून होता. "कोण रे तो पोरगा?" त्यानं हळूच विचारलं. "चांगला लढतोय."

महिन्याभरानं निर्णय लागला. चॅम्पियनची तसबीर लागणार. बातमीदारानं शेवटपर्यंत विरोधातच मत दिलं, आणि शंकासुराला त्याबद्दल थोडा आदरच वाटला. निदान माणूस एका मतावर टिकला. समारंभाला हार झाले, टाळ्या झाल्या. घरी आल्यावर शंकासुर बूट न काढताच बसून राहिला.

"आता काय झालं?" बायकोनं विचारलं.

"त्यानं मला तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? की बाबा, तुझा हुक त्या मल्लासारखा आहे, मला तो शिकायचाय. मी हसत मार खाल्ला असता."

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

तो बूट काढायला लागला.

रविवार चालूच राहिले. चॅम्पियन येतो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि थोड्या वेळानं विचारतो, "काय रे, समितीचा निकाल लागला का?" शंकासुर सांगतो, लागला, तुझी तसबीर लागली. मग त्या रुंद चेहऱ्यावर जे काही पसरतं ते बघायला बायकोही दारात येऊन उभी राहते.

एकदा तो गेल्यावर ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "मला तर वाटतं भावजींना सगळं आठवतं. तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायचं असतं, म्हणून विचारतात."

ती गमतीनं म्हणाली. पण कोणापुढं म्हणाली! त्या रात्री तो कूस बदलत राहिला, आणि पुढच्या रविवारी चॅम्पियनच्या तोंडाकडे असा बघत बसला जसा चालू इस्त्रीच्या घरात मीटरच्या चकतीकडे बघायचा. प्रश्न आला. यानं उत्तर दिलं. चेहरा उजळला, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखा. कुठंच काही सापडलं नाही.

"आणि तू मला पाडलं होतंस," चॅम्पियन म्हणाला, "ते लिहिलंय का त्या तसबिरीखाली?"

"नाही."

"मग अर्धवट काम केलंय त्यांनी. जाऊन सांगायला हवं."

शंकासुर ताठ बसला. "निकाल विसरतोस, आणि हे बरं लक्षात राहतं तुला?"

"कुठलं?" चॅम्पियननं विचारलं.

शंकासुरानं त्याच्याकडे बघितलं. मग आत वळून बायकोला म्हणाला, "चहा टाक गं दोघांना," आणि खुर्ची जरा पुढं ओढून पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसला.